इतिहासाच्या तासाला ‘कशावरून?’ विचारू द्या



दिवाळीच्या आधी चार-आठ दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. सहावी-सातवीतली पोरं कोपरापर्यंत चिखलात हात घालून किल्ला करत असतात. बुरूज किती, पाण्याचं टाकं बालेकिल्ल्यातच का, चोरदरवाजा कुठल्या अंगाला ठेवायचा, यावरनं अक्षरशः भांडणं होतात. शेजारच्या गल्लीतला किल्ला बघून आलेला कुणीतरी सांगतो, “त्यांचा महादरवाजा चुकलाय.” मग तो का चुकलाय यावर अर्धा तास चर्चा. मार्क मिळणार नसतात, हजेरी कुणी घेत नसतं, तरी एकही पोरगं घरी जायला तयार नसतं.

आणि हीच पोरं दिवाळीची सुट्टी संपल्यावर इतिहासाच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसतात. विचारलं की सांगतात, “सनावळ्या लक्षात राहत नाहीत.”

म्हणजे मुलांना इतिहास आवडत नाही, ही तक्रार खरी नाही. त्यांना इतिहास आवडतो, त्यांना तास आवडत नाही. मग तासात असं काय कमी पडतं जे चिखलाच्या किल्ल्यात आहे? माझ्या मते एकच गोष्ट. किल्ला करताना मुलाला प्रश्न पडतो आणि तो स्वतः उत्तर शोधतो. वर्गात उत्तर आधी येतं आणि प्रश्न थेट परीक्षेच्या पेपरात भेटतो.

मजा म्हणजे नक्की काय?

हल्ली ‘इतिहास मजेदार करूया’ असं सगळेच म्हणतात. मग काय होतं? प्रश्नमंजुषा होते. वेशभूषा स्पर्धा होते. मोबाईलवर चार पर्यायांतून एक दाबायचा खेळ येतो. स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लागतो. वाईट काहीच नाही यात. पण जरा नीट बघा, यातल्या कितीशा गोष्टींत मुलगा विचार करतो? पाठांतराला बझर लावला म्हणून ते पाठांतर राहत नाही असं थोडंच आहे! पूर्वी सन पाठ करून लिहायची, आता पाठ करून बटण दाबायचं.

आपल्या कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला ‘नली-कली’ आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नावाचाच अर्थ ‘आनंदानं शीक’. नव्वदच्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून ही पद्धत पुढं आली. कार्डं, गट, गाणी, ज्याच्या त्याच्या वेगानं शिकणं. पद्धतीवर टीका करणारे आहेत, पण निदान लहान मुलाला हातानं काहीतरी करायला मिळतं. गंमत बघा, हे सगळं तिसरीपर्यंत. सहावीत ‘समाज विज्ञान’ हातात येतं आणि खरी गोष्ट सांगायची वेळ होते, तेव्हा नेमकी कार्डं कपाटात जातात आणि गाईड बाहेर येतं.

मला वाटतं, इतिहासातली खरी मजा एका शब्दात आहे. कशावरून?

सर सांगतात, इथं कदंबांचं राज्य होतं. कशावरून? आजोबा सांगतात, गोळीबार झाला तेव्हा बाजार बंद होता. कशावरून? व्हॉट्सॲपवर फिरतं की अमुक देऊळ तमक्यानं बांधलं. कशावरून? हा प्रश्न विचारायची मुभा मिळाली की मुलगा एकदम पोलीस तपासातला हवालदार होतो. पुरावा शोधतो, साक्षीदार पकडतो, दोन जबान्या जुळत नाहीत म्हणून डोकं खाजवतो. यापेक्षा मोठा खेळ कुठला?

आपल्याला हे जास्त का लागतं

पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या मुलाला शाळेतला इतिहास आणि घरातला इतिहास साधारण एकच सांगतात. सीमाभागातल्या मुलाचं तसं नाही. १ नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव आणि गल्लीत काळा दिन. एकच तारीख, एकच पोरगं, सकाळी एक गोष्ट आणि दुपारी दुसरी. मराठी माध्यमाच्या शाळेतही पाठ्यपुस्तक कर्नाटक सरकारचं, मराठीत छापलेलं. त्यात कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट, होयसळ, विजयनगर. घरी पोवाडे, शिवजयंतीचे चित्ररथ आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन.

यातून बहुतेक मुलं एक सोपी वाट काढतात. शाळेतलं पेपरापुरतं लिहायचं, घरातलं घोषणेपुरतं म्हणायचं, आणि दोन्हींचा विचार करायचा नाही. याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण दोन गोष्टी कानावर पडणं हा खरं तर आपल्या मुलांना मिळालेला फायदा आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात पदवीला आल्यावर आम्हाला शिकवतात की एकाच घटनेकडे दोन बाजूंनी बघा. सीमाभागातलं पोरगं ते सहावीतच बघतं. फक्त त्याला कुणी सांगत नाही की बाळा, यालाच इतिहास म्हणतात.

म्हणून पाच-सहा गोष्टी मांडते. यातल्या एकाही गोष्टीला स्मार्ट बोर्ड लागत नाही.

१. न हललेलं घर

मुलांना सांगा, घरातला सगळ्यात जुना कागद घेऊन या. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचा उतारा, लग्नाची पत्रिका, पोस्टाचं पाकीट, काहीही. मूळ कागद आणायचा नाही, मोबाईलवर फोटो चालेल. मग वर्गात भिंतीवर एक दोरी बांधायची आणि ते फोटो काळाप्रमाणे लावायचे.

काय दिसेल? ब्रिटिशांच्या काळातल्या कागदावर बेळगाव मुंबई इलाख्यात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९७३ नंतर कर्नाटकात. २०१४ पासून तर शहराचं सरकारी नावच ‘बेळगावी’. घर तेच, अंगण तेच, विहीर तीच. घर एक इंचही हललं नाही आणि पत्ता इतक्या वेळा बदलला!

शहापुरातल्या मुलांना तर आणखी एक धक्का बसेल. आज बेळगावात मिसळून गेलेलं शहापूर संस्थानी काळात सांगली संस्थानात होतं. म्हणजे बाजाराला म्हणून चार पावलं चालत गेलं की एका राज्यकर्त्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत. मग मुलांना विचारायचं, तेव्हा तुमच्या पणजोबांना स्वतःला कुठले म्हणायला आवडत असेल? उत्तर पुस्तकात नाही. घरी जाऊन विचारावं लागतं. पोरं नक्की विचारतात.

२. एका किल्ल्यात किती माणसं?

बेळगावचा किल्ला आपण रोज बसमधून बघतो. वर्गाला तिथं न्या आणि एकच काम द्या: इथं कोण कोण राहून गेलं, ते पुराव्यासकट शोधा.

रट्ट राजांच्या काळातली, १२०४ च्या सुमाराची कमल बसदी आहे, छताला दगडी कमळ असलेली. साफा मशीद आहे, आदिलशाहीतल्या असदखानाच्या नावाशी जोडलेली. दाराजवळ दुर्गेचं देऊळ आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा ज्या घरात राहिले तिथं आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. आणि १८१८ साली पेशव्यांचा पाडाव होत असताना थॉमस मन्रोच्या फौजेनं वेढा घालून हाच किल्ला घेतला. रट्टांच्या काळातले किल्ल्यातले दोन शिलालेख बघायचे असतील तर मात्र लंडनला जावं लागेल, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. का आहेत? कुणी नेले? बघा, एका तासात दहा प्रश्न तयार.

परतल्यावर मुलांना सांगायचं की किल्ल्याच्या दारावर लावायला पाच ओळींची पाटी लिहा. फक्त पाच ओळी. मग कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला गाळायचं यावर जी भांडणं होतील, तीच खरी इतिहासाची शिकवणी. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनाही हेच करावं लागतं, हे मुलांना त्या दिवशी कळतं. पुढं कुठलंही पुस्तक वाचताना ती विचारतील की यात कोण गाळलंय?

३. नंदगड ते हलशी, एक दिवसाची सहल

पाठ्यपुस्तकातले कदंब म्हणजे कुठले तरी लांबचे राजे, असं आपल्या मुलांना वाटतं. त्यांची एक राजधानी पलाशिका, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातलं हलशी! तिथं सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांची भाषा मुलांना ओळखायला सांगा. अर्धा वर्ग मराठी म्हणेल, अर्धा कन्नड. ते संस्कृतमध्ये आहेत. पुढं गोव्याच्या कदंबांच्या काळात उभं राहिलेलं भूवराह नरसिंहाचं देऊळही तिथंच. म्हणजे गोवा आणि खानापूर एकाच राजाच्या छत्राखाली होते, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

हलशीच्या वाटेवर नंदगड. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर साथीदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिलं. त्याची समाधी इथं आहे, त्यावरचं वडाचं झाड आहे. गाव मराठी बोलणारं, वीर कन्नड बोलणारा, फाशी देणारा इंग्रज. आणि १९६७ च्या महाजन अहवालात महाराष्ट्राला द्यावीत म्हणून सुचवलेल्या गावांत हेच नंदगड. आता हा वीर कुणाचा? मुलांना ठरवू दे. मला खात्री आहे, मोठ्यांपेक्षा शहाणं उत्तर येईल.

४. एकाच शहरातली दोन अधिवेशनं

हा माझा सगळ्यात आवडता धडा आहे आणि तो कुठल्याही हायस्कूलच्या वर्गात नाटकासारखा करता येतो.

पहिला प्रवेश: डिसेंबर १९२४. टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन. अध्यक्ष महात्मा गांधी, आणि गांधीजी आयुष्यात अध्यक्ष झाले ते फक्त या एका अधिवेशनाचे. पाण्यासाठी मोठी विहीर खणली, ती काँग्रेस विहीर आजही आहे. काँग्रेस रोड हे नावही त्यावरनंच. याच वेळी, याच गावात, कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर अशा वेगवेगळ्या राजवटींत विखुरलेल्या कन्नड भाषकांना एकत्र यायचं होतं.

दुसरा प्रवेश: मे १९४६. याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. इथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मराठी भाषकांनाही वेगवेगळ्या राजवटींतून एकत्र यायचं होतं.

बावीस वर्षांच्या अंतरानं, एकाच शहरात, दोन भाषांची माणसं जवळजवळ एकच मागणी करतायत! वर्गाचे दोन गट करा. मराठी घरातल्या मुलांनी १९२४ च्या एकीकरण परिषदेतलं भाषण लिहायचं. दुसऱ्या गटानं १९४६ चं. जवळ कन्नड माध्यमाची शाळा असेल तर तिथल्या मुलांना बोलवा आणि १९४६ चं भाषण त्यांना लिहू द्या. पुढच्या तासाला गट बदलायचे.

आणि मग मध्येच एक माणूस उभा करायचा: गंगाधरराव देशपांडे. १९२४ च्या अधिवेशनाची स्वागताची धुरा वाहणारे, हुदलीचे, टिळकांचे अनुयायी. लोक त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणायचे आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत. दोन्ही गटांनी त्यांना आपल्या बाकावर बसवायचा प्रयत्न करायचा. बघा, ते कुठल्या बाकावर बसतात!

५. निकष बदला, रेषा बघा

सीमाप्रश्न आपल्या मुलांना घोषणेतून माहीत आहे. तो गणितासारखा सोडवायला दिला तर?

जिल्ह्याचा कोरा नकाशा घ्या, तालुके दाखवणारा. पार्श्वभूमी दोन मिनिटांत सांगा. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, १९५५ मध्ये अहवाल आला, १९५६ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यानं चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मग १९६६ मध्ये महाजन आयोग, १९६७ मध्ये त्याचा अहवाल: २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला, बेळगाव शहर कर्नाटकातच. कर्नाटक म्हणतं हा अहवाल अंतिम. महाराष्ट्रानं तो नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. महाराष्ट्राच्या बाजूनं मांडलं जातं ते पाटसकरांचं सूत्र, आंध्र आणि मद्रासची सीमा ठरवताना वापरलेलं: खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता, लोकांची इच्छा.

आता खेळ. पहिल्या गटानं जिल्हा हा घटक धरून रेषा काढायची. दुसऱ्यानं तालुका धरून. तिसऱ्यानं खेडं धरून. चौथ्यानं बाजार आणि एसटीचा रस्ता कुठं जातो ते धरून. चार नकाशे शेजारी लावा. माणसं तीच, गावं तीच, निकष बदलला की रेषा हलते. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की मुलाला कळतं, वाद भाषेच्या द्वेषाचा नाही, निकष कुठला धरायचा याचा आहे. शेजारच्या कन्नड मित्राशी भांडण न करताही तो यावर वाद घालू शकतो.

६. फूल की दोन पानं?

हा खेळ फक्त बेळगावपुरता नाही. गोव्यातल्या आपल्या मित्रांकडे तर तयार धडा आहे. १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला. प्रश्न असा की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा? विलीनीकरणाला फुलाची खूण, वेगळं राहायला दोन पानांची.

वर्गात चिठ्ठ्या वाटा. आधी प्रत्येकाला एक भूमिका द्या: पेडण्यातलं कूळ, मडगावचा व्यापारी, मराठी शाळेतल्या बाई, कोकणी लेखक, सरकारी नोकर, मुंबईला बोटीवर कामाला असलेल्याची आई. ज्याची जी भूमिका, त्यानं तसं मत द्यायचं आणि का दिलं ते सांगायचं. मग खरा निकाल फळ्यावर लिहा: विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१.

आणि शेवटी बॉम्ब टाका. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. असं कसं? लोकांनी कौल एक दिला आणि सरकार दुसरं निवडलं? या एका प्रश्नावर नववीचा वर्ग दोन तास बोलू शकतो, आणि ते बोलणं म्हणजेच नागरिकशास्त्र.

म्हातारी माणसं थांबणार नाहीत

एक काम मात्र शाळेची वाट बघत बसण्यासारखं नाही. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार कळत्या वयात अनुभवलेली माणसं दरवर्षी कमी होतायत. १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन ज्यांनी तरुणपणी पाहिलं, त्यांचेही केस पिकले. ही आपल्या भागातली जिवंत पुस्तकं आहेत आणि त्यांची दुसरी आवृत्ती निघत नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना मुलाखत घ्यायला शिकवा. नियम चारच. परवानगी घेऊनच रेकॉर्डिंग करायचं. मध्ये वाद घालायचा नाही. “कुठल्या साली?” असं न विचारता “तेव्हा तुम्ही कितवीत होता? लग्न झालेलं का?” असं विचारायचं, कारण माणसाला साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. आणि आजीलाही विचारायचं. मोर्च्यात कोण पुढं होतं ते आजोबा सांगतील. घरात तेव्हा धान्य होतं का, दार कुणी लावून घेतलं, शेजारची कन्नड बाई काय म्हणाली, हे आजीच सांगेल.

मग दोन मुलाखती शेजारी ठेवायच्या. त्या जुळणार नाहीत. मुलं म्हणतील, “आजोबा खोटं बोलतात का?” नाही. माणसाची आठवण तशीच असते. म्हणून तर वाचनालयात जाऊन त्या दिवसाचं मराठी वर्तमानपत्र आणि कन्नड वर्तमानपत्र, दोन्ही काढून बघायची. तिथं ‘कशावरून?’ हा प्रश्न खरा कामाला लागतो.

दोन हरकती

पहिली हरकत शिक्षकांची, आणि ती खोटी नाही. वेळ नाही, पोर्शन संपत नाही, शाळेत शिक्षक कमी, त्यात जनगणना, निवडणूक, माध्यान्ह भोजनाचे हिशेब. मान्य. म्हणूनच म्हणते, रोजचा तास बदलू नका. महिन्यातले दोन तास द्या. मूल्यमापनाचा प्रकल्प नाहीतरी करायचाच असतो. गाईडमधलं चित्र कापून चिकटवण्याऐवजी आजोबांची मुलाखत चिकटवू दे. मार्क तेवढेच पडतील, वही मात्र घरात पन्नास वर्षं जपून ठेवली जाईल.

दुसरी हरकत आपल्याच लोकांची. “दुसरी बाजू पोरांना शिकवली तर आपली बाजू कमकुवत होईल.” यावर जरा स्पष्ट बोलते. ज्याला समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा माहीत नाही, तो पहिल्याच प्रश्नाला गडबडतो. कॉलेजात, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत, बंगळूरच्या ऑफिसात आपल्या मुलांना कुणीतरी विचारणारच आहे, “तुमचं म्हणणं नक्की काय?” तेव्हा घोषणा पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयात दावा आहे म्हणतो ना आपण? तिथं आवाज किती मोठा हे कुणी मोजत नाही, तिथं कागद बघतात. मग आपली पुढची पिढी कागद वाचायला शिकली तर आपली बाजू कमकुवत कशी होईल? आणि कागद वाचून एखाद्या मुलाचं मत आपल्यापेक्षा वेगळं झालं, तर त्याच्याशी वाद घालू. त्याचं पुस्तक बंद करणार नाही.

शेजारच्या कन्नड घरातल्या मुलालाही हेच लागू आहे. त्यालाही अर्धीच गोष्ट मिळते. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी, तिन्ही भाषांत लेख कोरलेले आहेत, हे त्याला आणि आपल्या मुलाला एकाच बाकावर बसून कळलं तर किती छान होईल!

आपण काय करायचं?

सरकार कधी पुस्तक बदलेल, आयोग कधी बसेल, याची वाट बघायची गरज नाही. आपण कॉलेजातली मुलं-मुली आहोत. रविवार आपल्याकडे आहे. युवक मंडळाची खोली आहे, गणपतीचा मांडव आहे, हातात मोबाईल आहे. तुमच्या गावच्या मराठी शाळेतल्या सरांना किंवा बाईंना जाऊन विचारा, “महिन्यातून एक शनिवार आम्हाला द्याल का?” बहुतेक जण हो म्हणतील, कारण त्यांनाही तोच धडा तसाच शिकवून कंटाळा आलेला असतो.

या दिवाळीला गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा ठेवणार असाल, तर बक्षिसाच्या गुणांत एक रकाना वाढवा. परीक्षकानं प्रत्येक गटाला तीन प्रश्न विचारायचे. हे टाकं इथं का? हा दरवाजा असाच होता कशावरून? तुम्हाला हे कुणी सांगितलं? रंगरंगोटीला दहा गुण, पुराव्याला वीस. जी पोरं “आम्हाला माहीत नाही, पण कुठं शोधायचं ते माहीत आहे” असं सांगतील, त्यांना पूर्ण वीस द्या.

आणि १ नोव्हेंबरला तुमच्या घरातल्या एखाद्या सहावीतल्या पोरानं विचारलं, “दादा, आज शाळेत सण आणि आपल्याकडे सुतक, असं का?” तर त्याला गप्प बसवू नका. घोषणाही शिकवू नका, निदान पहिल्यांदा नको. नकाशा काढा, त्याला शेजारी बसवा आणि १९२४ पासून सुरुवात करा. मध्येच तो “कशावरून?” म्हणाला, तर समजा की आपल्या भागात एक इतिहासाचा विद्यार्थी तयार झाला.